शुक्रवारच्या रात्रीची शिवण

"मॅडम, मी चोर नाय," अपेक्षा दारातच म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

सुलेखाताईंनी तिला आत बसवलं. ताई खासगी तपास करत. मामेभाऊ राजकुमार सोबत असे तो स्कूटर चालवायला आणि घाईघाईनं चुकीचे निष्कर्ष काढायला. पोरीचे डोळे पुसून होण्याआधीच त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की चोर हीच.

अपेक्षा विद्यापीठात यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांची ओळख करून देणारा अभ्यासक्रम शिकत होती. वर्गाला दाखवायला अलिबागच्या यहुदी हन्नाबाई झिराडकर घरातली धर्मग्रंथाची जुनी गुंडाळी घेऊन आल्या होत्या. त्या अक्षरांना बोट लावायचं नसतं. वाचताना ओळीवरून चांदीची काडी फिरवतात, टोकाला इवलासा हात असलेली. आज, सोमवारी सकाळी, विभागाच्या कपाटातून ती काडीच गायब झाली होती. तिची मखमली थैली मात्र अपेक्षाच्या बॅगेत सापडली.

"बॅगा आम्ही वर्गाबाहेर ठेवतो. कुणीबी टाकली असंल. पण कपाटाच्या चाव्या दोनच, एक आमच्या पाथ्रीकर सरांकडं, एक वर्गप्रतिनिधी म्हणून माझ्याकडं. दुपारी समिती बसणार, विद्यापीठातनं काढून टाकतील मला. मुकुंदवाडीत तोंड कसं दाखवू?"

"सर शिकवतात कसे?" ताईंनी भलतंच विचारलं.

"जग निर्माण झालं ती गोष्ट शिकवली. तिच्यात दर दिवस मोजताना आधी संध्याकाळ येती, मग सकाळ. असं उलटं का, म्हणून मी इचारलं. सर म्हणाले, पुढं चला."

विद्यापीठात पाहुण्यांच्या खोल्या सांभाळणारा शिपाई कडुबा पहिल्यांदा भेटला.

"म्हातारी लई इसरते, ताई. शुक्रवारी दिस मावळायच्या आतच थर्मास भरून घ्येतला, जेवण बी आणून ठिवलं. रातभर लाइट जळतीच. इसरल्या वाटलं, बंद करू का म्हणलं, तर नको म्हणाल्या."

"म्हातारचळ," राजकुमार पुटपुटला.

हन्नाबाई पाहुण्यांच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या.

"थैलीची शिवण उसवली होती. शुक्रवारी दुपारी मीच ती शिवली आणि काडी थैलीत घालून कपाटात ठेवली. निदान मला तसं वाटतं. पण सर म्हणतात, मीच या मुलीच्या हातात दिली." त्यांचा आवाज बारीक झाला. "दिलीही असेन. चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते. मुलगा म्हणतोच, आई, अलिबागचं घर बंद कर, ठाण्याला ये."

राजकुमारला वाईट वाटलं. म्हातारपण वाईट, पण स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडणं त्याहून वाईट.

प्रा. सोमनाथ पाथ्रीकरांच्या खोलीत त्यांच्या स्वतःच्या संग्रहाचं काचेचं कपाट होतं. निजामकाळातली नाणी त्यांनी मोठ्या हौसेनं राजकुमारच्या तळहातावर ठेवली, हिमरू शालही उलगडून दाखवली. त्यानं शेजारच्या बिदरी सुरईकडे हात नेला मात्र, सर एकदम म्हणाले, "तिला नको! नाजूक आहे ती."

"शुक्रवारी काय पाहिलंत?" ताईंनी विचारलं.

"रात्री जेवण करून बाईंकडे गेलो. त्या सुईदोरा घेऊन थैली शिवत होत्या. गाठ मारली, काडी आत घातली आणि अपेक्षाला दिली."

"शुक्रवारच ना? शनिवार नव्हे?"

सर हसले. "शनिवार कसा असेल? त्या दिवशी हे लोक कामाला हात लावत नाहीत. कोकणात शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवत, म्हणून तर त्यांना शनिवार तेली म्हणत. मीच शिकवतो हे."

दुपारी समितीपुढे ताई उभ्या राहिल्या.

"आजी, शुक्रवारी रात्री तुम्ही सुई हातात धराल?"

हन्नाबाई दचकल्या. "शुक्रवारी रात्री? शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागल्यावर? लहानपणापासून कधी धरली नाही!"

"ऐकलंत? यांचा दिवस सूर्य मावळताना सुरू होतो. आधी संध्याकाळ, मग सकाळ. अपेक्षानं नेमकं हेच विचारलं होतं. म्हणून थर्मास उजेड असतानाच भरला, जेवण आधी आणवलं आणि दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. कडुबाला तो विसराळूपणा वाटला, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम होता. सरांनी ताजी शिवण पाहिली आणि तिच्यावर गोष्ट रचली. शनिवार शहाणपणानं टाळला. पण यांचा शनिवार आपल्यासारखा सकाळी उजाडत नाही, तो शुक्रवारी संध्याकाळीच लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही."

पाथ्रीकरांनी घाम पुसला. "यानं चोरी सिद्ध होत नाही."

"खोटं सिद्ध होतं. उरलं ते सुरई सांगेल. बिदरीचं काम धातूचं, पडलं तरी फुटत नाही. ते नाजूक कसं? राजा, आण ती."

राजकुमारनं सुरई टेबलावर उलटी केली. चांदीचा इवलासा हात खणखणत बाहेर आला.

"इतकी जुनी काडी माझ्याकडे नव्हती," पाथ्रीकर म्हणाले.

अपेक्षा रडत होती. राजकुमारनं या वेळी कोणताही निष्कर्ष काढला नाही, मुकाट्यानं तिला रुमाल दिला.

हन्नाबाईंनी काडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हणजे मी विसरले नव्हते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी डोक्यावरचा चष्मा खाली ओढला आणि मुलाला फोन लावला.

"बाळ, ठाण्याची खोली आवरू नकोस," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरी चाललेय."