ठोकळेबाज वाक्य

मामाच्या छापखान्यात मी प्रुफं तपासायला लागले आणि शुभेच्छापत्रांवरची वाक्यं धास्तावली. 'तुझ्याविना जगणं अपूर्ण'? मारली काट! समासात शेरा : ठोकळेबाज.

एका दुपारी पेनातली शाई संपली म्हणून आतल्या खोलीत गेले, ती दारातच अक्षरं जुळवणाऱ्या नव्या जुळाऱ्यावर आदळले. त्याच्या हातातले शिशाचे खिळे खळकन सांडले. दोघंही गुडघ्यांवर बसून अक्षरं वेचू लागलो.

"लाल पेनवाल्या तुम्हीच ना?" तो हसला. "एक विचारू? ठोकळेबाज म्हणजे नक्की काय हो?"

"सगळेच बोलतात ते. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. कानावर पडतं, पण भिडत नाही."

"मग हे बघा..." त्याने खालचा खण ओढला. आत दोऱ्याने बांधलेल्या ओळीच ओळी. "ही वाक्यं लोक इतकी मागतात, की आम्ही खिळे सुटे करतच नाही. बांधूनच ठेवतो."

मी एक ओळ उचलली. कडा झिजून बोटांना मऊ लागत होत्या.

"पण... एवढे लोक हेच का मागत असतील?"

"मलाही कळलेलं नाही. कुणाला म्हणायची वेळच आली नाही ना!" असं म्हणताना त्याचे कान लाल झाले.

त्यानंतर माझी शाई जरा लवकरच संपू लागली. "पितेस की काय गं?" मामा विचारायचा.

मग एक दिवस मामाच म्हणाला, "जुळाऱ्याला दुसऱ्या गावाहून बोलावणं आलंय. आज सांगणार आहे, जातो की राहतो." मी तडक आत गेले.

त्याने मान वर केली नाही. "जाऊ का... ते तुम्हीच सांगा. म्हणजे... तुमच्याशिवाय मला करमत नाही."

"ठोकळेबाज!"

निघूनच गेलं तोंडातून. सवय मेली!

त्याचा चेहरा उतरला. "खरंय. कधीपासून दुसरं वाक्य शोधतोय... सापडलं नाही." हात पुसून तो मामाच्या खोलीकडे निघाला.

मी धावत जाऊन त्याची बाही धरली. जगाने वापरून झिजवलेलं वाक्य, पण मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि ते भिडलं होतं, चांगलंच.

"थांबा ना! चुकून मारलेली काट मागे घ्यायची, तर त्या ओळीखाली काय करतात?"

"टिंबं देतात," तो गोंधळून म्हणाला. "आणि समासात लिहितात..."

त्याच्या शाईने डागाळलेल्या तळहातावर मी लाल पेनाने एकेक टिंब देत गेले.

"राहू द्या," मी म्हणाले. "वाक्यही तेच... आणि तुम्हीही राहा."