पोटातली गोळी

"आडवा वळू दे त्याला, कूस दिसू दे. पुढच्या पायाच्या जरा मागे, तिथेच मार. आणि आडवा वळत नसेल, तर बंदूक खाली."

बाबांचा हा आवाज अजून कानात आहे.

लिहितेय ते खरं आहे. सकाळची स्तोत्रं पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हे माझं बावीस वर्षांचं व्रत. ते नसतं तर मला हे कधीच कळलं नसतं.

जेम्स उपसागराच्या पूर्वेला आम्हा क्री आदिवासींच्या जंगलात आमच्या घरचा शिकारीचा तळ आहे. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, पहाट. तंबूत मी आणि धाकटा भाऊ क्लिफर्ड. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगते.

बाबांनी भूर्जाच्या सालीच्या कर्ण्यातून साद घातली आणि मूस आला. घोड्याहून उंच, हरणाच्या जातीतला नर. थेट समोरून.

बाबा क्लिफर्डला नेहमी चिडवायचे, "डोळ्यांत डोळे घालायचे तर बायको शोध. मूसची फक्त कूस बघायची."

दोन बंदुका, बाबांची आणि क्लिफर्डची, जवळजवळ एकदमच उडाल्या. मूस पळाला. रक्तात चघळलेला पाला होता, म्हणजे गोळी पोटात. क्लिफर्ड म्हणाला, माझी झाडात गेली. मग उरली ती बाबांची.

दीड दिवस त्यांनी माग काढला. पावसाने तो धुऊन नेला.

आमच्यात मारलेल्या जनावराची हाडं झाडावर टांगतात, मानाने. घायाळ जनावर टाकून येणं म्हणजे त्याचा अपमान. बाबांनी आपली बंदूक क्लिफर्डला देऊन टाकली. पुन्हा कुणाच्याही घरी मूसचं मांस खाल्लं नाही. शेवटच्या आजारातही एकच बोलायचे, "मी एकाला तसंच चालत सोडलं."

तर, ती पहाट.

मी पांघरुणात डोळे मिटून मनात स्तोत्र म्हणत होते.

आणि बाहेर...

चर्र.

बर्फ दबल्याचा आवाज.

तीन पावलं. थांबणं. पुन्हा तीन पावलं... आणि डहाळी मोडल्याचा बारीक आवाज.

माग काढताना बाबा असेच चालायचे. तीन पावलं, मग खूण म्हणून एक डहाळी.

दाराशी बांधलेला कुत्रा भुंकला नाही. त्याची शेपटी तंबूच्या कापडावर हळूहळू आपटत होती.

मला हाक मारता येईना. स्तोत्र अर्धंच झालं होतं.

क्लिफर्डला वाटलं, मी झोपलेय. तो कापडाजवळ तोंड नेऊन कुजबुजला.

"बाबा, पुरे ना आता. रोज रोज का येता? गोळी माझीच होती. तो आडवा वळेपर्यंत माझा धीर नाही टिकला. नंतर मला सापडलाही तो, ओढ्यापलीकडे. माझ्याच बंदुकीची गोळी निघाली पोटातून. सांगणार होतो... पण तुम्ही बंदूकच देऊन टाकलीत, मग तोंड उघडेना."

पावलं थांबली.

माझ्या उशाशी... कापडाच्या पलीकडे.

कुणीतरी लांब श्वास सोडला.

मी स्तोत्र पूर्ण केलं. एकही शब्द गाळला नाही. मग विचारलं, "हाडं कुठे आहेत?"

तो दचकला. "ताई, तू जागी होतीस?"

मी तेच पुन्हा विचारलं.

"तिथेच. लांडग्यांनी ठेवली असतील तर." मग मान खाली घालून म्हणाला, "दोन वर्षं झाली, ताई. आता कोण विचारतंय?"

मी पावलं एकदाच ऐकली. तो रोज ऐकत होता... आणि तरी गप्प होता. बाबा श्वासाश्वासाला स्वतःला दोष देत होते, तेव्हाही गप्प.

बाहेर आले. ताजा बर्फ, कोरा. तंबूभोवती एकही पाऊल नाही.

पण ओढ्याकडच्या झुडपांच्या डहाळ्या... एकेक मोडलेली. आत पांढरी, ओली.

त्या कोणी मोडल्या, मला आजही सांगता येत नाही.

मी दोरी घेतली, पिशवी घेतली. क्लिफर्ड आतून म्हणत होता, चहा तरी घे, मग दोघं जाऊ.

झुडपांकडे बघून हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा आता. सापडतील तेवढी मी टांगते."

पुढे कुठेतरी, ओढ्याच्या अंगाला... डहाळी मोडली.

मी त्या दिशेने चालू लागले.