डावीकडचा पट्टा

धुक्याची सकाळ होती. रुग्णवाहिका रोजचीच, रस्ताही पायाखालचा. फक्त आज मागच्या स्ट्रेचरवर ड्रायव्हरची स्वतःचीच बायको होती. कळा सुरू झालेल्या आणि बाळ आडवं.

“अहो, जपून…” ती कण्हली.

“जपून कसलं! वेळ नाही आपल्याकडे,” नर्सबाई ओरडल्या.

ड्रायव्हरच्या डावीकडची सीट रिकामी होती. तिथेच बसून सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, त्याला ही गाडी शिकवली होती. मामा मागच्या थंडीत गेले. तोंडात कायम लवंग, आणि पोटावर सीटचा पट्टा ताणून बसवलेला. लाल दिवा आला की सायरन चालू असला तरी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायचे.

“जावईबापू, सूट कायद्यानं दिलीय, समोरच्या चाकांनी नाही. थांबायचं, बघायचं, मगच निघायचं. आपला सायरन कानात घुमत असला की दुसऱ्याचा ऐकू येत नाही.”

आज त्याला एवढा धीर नव्हता. धुक्यात चौकातला लाल दिवा अंधुक दिसला. त्याने अॅक्सिलरेटर तसाच दाबून धरला.

टक… टक.

पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी कचकन थांबली आणि तिच्या नाकासमोरून अग्निशमन दलाचा बंब धडधडत गेला. सायरन त्याचाही चालू होता. सूट त्यालाही होतीच.

केबिनमध्ये लवंगेचा वास दरवळत होता.

हॉस्पिटलात देवाच्या कृपेने मुलगी झाली. दोघी सुखरूप. तो गाडी पुसायला खाली आला, तर डाव्या सीटचा पट्टा लावलेला. रिकाम्या सीटवर, पण पोटावर असावा तसा फुगून ताणलेला. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“मामा… उतरा ना. नात झालीय तुम्हाला.”

खट्.

पट्टा सुटला आणि सरसरत मागे गेला. गाडीला कुलूप लावून तो धडपडत वर आला. बायको ग्लानीत हसत होती.

“बाबा येऊन गेले. तुमची तक्रार करत होते.”

“काय… काय म्हणाले?”

“ब्रेक उशिरा लावला म्हणे.”

त्याने डोळे पुसले, लेकीची इवलीशी मूठ कपाळाला लावली. तेवढ्यात पुढच्या फेरीसाठी हाक आली. खाली येऊन त्याने कुलूप काढलं, दार उघडलं.

डावीकडचा पट्टा पुन्हा लावलेला होता.