रुखमाच्या अंगठ्यावरची खूण

फाइलीत बाळंतपणाच्या सुट्टीचा अर्ज नव्हता. त्याच्या जागी राजीनामा निघाला.

कामगार निरीक्षक सत्यभामाबाई लांजेवार यांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. सानगडीजवळच्या एका विडी कारखान्याचं हे ऑफिस. साल एकोणऐंशी, जुलैची पहिली तारीख. बाहेर फाटकाशी इथलीच कामगार रुखमा तीन आठवड्यांचं लेकरू पदराखाली घेऊन सकाळपासून बसली होती. तिचं नाव पटावरून उडालं होतं, आणि का उडालं हे कळल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"तिनं स्वतःच काम सोडलं," मॅनेजर बाबूलाल म्हणाला. "अंगठा तिचाच आहे. खाली मंजुरीची माझी सही. तीन मार्च."

"तिनं कागद तुमच्याच हातात दिला?"

"माझ्याच. त्या दिवसानंतर तिनं शेडमध्ये पाय ठेवला नाही. मग बाळंतपणाची सुट्टी कसली?"

"हजेरीवही दाखवा."

"वाळवी लागली होती, मॅडम. जाळली."

सत्यभामाबाईंनी रुखमाला आत बोलावलं, कोऱ्या कागदावर तिचा डावा अंगठा घेतला आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवले. ठसा तिचाच होता. दोन्हींच्या मधून एक तिरपी पांढरी रेघ गेली होती.

बाबूलाल हसला. "झालं समाधान?"

"राजीनामा देला नाही मी!" रुखमा कडाडली. "काहून देईन? सुट्टीच्या अर्जावर अंगठा देला. वीस एप्रिलले. या तेजराम मुन्शीनंच लिहून देला. दोन कागदांवर अंगठा घेतला. एक हापिसाले, एक सरकारले, म्हणे."

"दुसऱ्यावर काय लिहिलं होतं?"

"मले वाचता येते का, बाई?"

कोपऱ्यात बसलेला कारकून तेजराम खाली मान घालून म्हणाला, "मले काही आठवत नाही."

"अंगठ्याला काय झालं होतं?" सत्यभामाबाईंनी रुखमाला विचारलं.

"तेंदूचा पत्ता कापताना कात्री लागली. अठीच, शेडमंदी. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते."

सत्यभामाबाईंनी राजीनाम्यावरची तारीख पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "अपघाताची नोंदवही आणा. तिला वाळवी लागली नसेल."

त्या वहीची कोणालाच आठवण नव्हती. धूळ झटकून तेजरामनं ती टेबलावर ठेवली. चार पानं उलटून सत्यभामाबाईंचं बोट एका नोंदीवर थांबलं.

"एकवीस मार्च. रुखमा, डाव्या अंगठ्याला कात्री, पट्टीसाठी पाठवलं. आता सांगा, राजीनामा तीन मार्चचा, जखम एकवीस मार्चची. मग तीन तारखेच्या ठशात जखमेची खूण आली कुठून?"

त्यांनी दोन्ही ठसे बाबूलालपुढे सरकवले.

"हा ठसा जखम भरल्यावरचा आहे. एप्रिलमधला. एका कागदावर सुट्टीचा अर्ज होता, तो नाहीसा केला. दुसरा सरकारसाठी सांगून घेतला. त्यावर राजीनामा लिहून मागची तारीख टाकली. सुट्टी मागण्याआधीच बाई काम सोडून गेली, असं दाखवायला."

बाबूलाल ताडकन उठला. "मुन्शीनं मला फसवलं! याला आत्ताच काढतो!"

"बसा. या नोंदीखाली सही कोणाची?"

बाबूलालनं वहीत पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. सही त्याचीच होती.

"तीन मार्चला जिचा राजीनामा तुम्ही हातात घेतलात, तिलाच एकवीस मार्चला पट्टी बांधायला पाठवलंत. मुन्शीनं कागद लिहिला. पण ती खोटी मंजुरी तुम्ही जाणूनबुजून दिलीत."

तेजराम पुढे आला. "साहेबच बोलले. एकीले सुट्टी देली तर साऱ्याच मागतील, म्हणे. नाही लिहिलं तर तूच घरी जा, म्हणे."

"सुट्टी ही तुमची मेहेरबानी नाही, बाबूलाल. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे ती देणं कायद्यानं कारखान्यावर टाकलं आहे. सुट्टीवरच्या बाईला काढणं हा गुन्हा आहे. मी खटला भरतेय. हिचं नाव आत्ता, माझ्यासमोर, पटावर चढवा."

तेजरामनं नाव लिहिलं. बाबूलालनं कपाळ पुसलं आणि रुखमाकडे न बघता पुटपुटला, "बरं, बरं. उद्यापासून ये कामावर."

रुखमानं लेकरू खांद्याशी घेतलं.

"उद्या नाही येत. सहा हप्त्यांतले तीनच झाले. माही सुट्टी बाकी आहे."

आणि ती शेडच्या मधून, पत्ता कापता कापता थांबलेल्या बायांच्या दोन रांगांमधून, ताठ मानेनं बाहेर पडली.