पादाच्या अक्षराची गाडी

"सापडलं! सापडलं! पाद सापडलं!"

देवळासमोरच्या मैदानात नागी एवढ्या जोरात किंचाळला, की कणसं भाजणाऱ्या बाईंच्या हातून चिमटाच निसटला. चिझुरुने धावत जाऊन धाकट्या भावाचं तोंड दाबलं.

"चारचौघांत काय ओरडतोस, गाढवा!"

"ताई, बघ तरी! नंबरप्लेटवर! 'हे'!"

नागीच्या सुट्टीतल्या अभ्यासाचं घरादाराला अजीर्ण झालं होतं. शाळेने सांगितलं होतं, आपापला विषय निवडा आणि शोध घ्या. शहाण्या मुलांनी किडे पकडले, ढगांची चित्रं काढली. नागीने ठरवलं, प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर जपानी वर्णमालेतलं एक अक्षर असतं, तर आपण सगळी अक्षरं गाठायची. बहुतेक मिळाली, चार मात्र काही केल्या मिळेनात. त्यातलंच एक 'हे'. आणि जपानीत नुसतं 'हे' म्हटलं की त्याचा अर्थ पाद होतो, त्यामुळे नागीचा जीव त्यातच अडकला होता.

आज आजोळच्या गावात जुन्या गाड्यांचा मेळा होता. घाटापलीकडून माणसं आपापल्या लाडक्या गाड्या धुऊनपुसून घेऊन आली होती. पण 'हे' मिळालं ते नेमकं एका फिकट पिवळ्या दोनदारी गाडीवर. दारावर २७ आकडा, पुढच्या दिव्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या. आणि त्या गाडीच्या टपावर हात ठेवून तामोत्सु आजोबा रडत उभे होते.

आजोबांना रडताना चिझुरुने कधी पाहिलं नव्हतं. तिला कुठे बघावं तेच कळेना.

गाडी आजोबांच्या थोरल्या भावाची, कियोहारुंची होती. म्हणजे, ती घेऊन आलेल्या उगाजिन नावाच्या गृहस्थांचं तसं म्हणणं होतं. जपानात शर्यतींचं वेड नवीन होतं, तेव्हा पोरं घरचीच गाडी घेऊन ट्रॅकवर जायची, दिव्यांना पट्ट्या लावून पळवायची आणि संध्याकाळी तिच्यातूनच घरी यायची. कियोहारु त्यातलेच. छातीच्या दुखण्याने ते गेले आणि गाडी विकली गेली. विकताना त्यातलं शर्यतीचं इंजिन तेवढं काढून ठेवलं होतं. आजोबांच्या गॅरेजमध्ये ते आजही कापडाखाली होतं. दर सुट्टीत त्याची धूळ पुसायचं काम चिझुरुचं.

"पैसा नको हो मला," उगाजिन म्हणत होते. "ही गाडी एका कोठारात पडून होती. तुमच्या भावाची आहे, तुम्हीच ठेवा. त्या इंजिनाचं तुम्ही तरी एकट्याचं काय करणार? ते मला द्या, झालं."

"संध्याकाळी गाड्यांची मिरवणूक संपली की घेऊन जा," आजोबा डोळे पुसत म्हणाले आणि इंजिन बांधायला गॅरेजकडे निघाले.

 ते इंजिन जाणार, हे चिझुरुला मुळीच आवडलं नव्हतं. पण आजोबा एवढे खूश असताना बोलणार कोण?

बोलला इबुकी. टायरच्या दुकानाचा मुलगा, चिझुरुचा सुट्टीतला मित्र. प्लेटसमोर उकिडवा बसून तो म्हणाला, "ही खोटी आहे."

"खोटी? का रे?" नागीचा चेहरा पडला.

"अरे बावळटा, 'हे' अक्षर गाडीला देतच नाहीत! 'शी' पण नाही. 'शी' म्हणजे मरण. मरणाची नाहीतर पादाची गाडी कोण चालवेल?"

"मग माझा अभ्यास?"

"जी अक्षरं नाहीतच, त्यांच्यामागे धावलास. आता तसंच लिही!"

"पण मग अशी प्लेट लावेल कोण?" चिझुरुने विचारलं.

"सिनेमावाले! कुणा खऱ्या माणसाच्या गाडीशी नंबर जुळू नये म्हणून मुद्दाम असलं अक्षर टाकतात."

चिझुरु तडक मोरिओ मामाकडे गेली. मामा मेळ्याचा व्यवस्थापक. छातीवर बिल्ला होता आणि तो बिल्ला लावल्यापासून त्याला खाली वाकून बघता येत नव्हतं.

"मामा, ती गाडी सिनेमातली आहे!"

"आणि तू सिनेमातली गुप्तहेर! उगाजिनसाहेबांना आत्ताच विचारलं मी. मूळ प्लेट गंजली, रंगाऱ्याने चुकीचं अक्षर काढलं. संपलं! बाबा आयुष्यात पहिल्यांदा एवढे खूश आहेत. त्यात विरजण घालू नका. जा, बर्फाचा गोळा खा!"

मुलांनी मामाचं एवढं मात्र ऐकलं. गोळा खाता खाता चिझुरु विचार करत होती. खोटं बोलणाऱ्या माणसाला खोटंच खायला घालावं.

उगाजिन गोळ्याच्या टपरीमागे खुर्चीत हातपंख्याने वारा घेत बसले होते. चिझुरुने इबुकीला कोपर मारलं आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबांना अजून एक गोष्ट बघायची राहिलीये, माहितेय? त्यांच्या दादाने डाव्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांचं नाव कोरलं होतं!"

"काय सांगतेस! अख्खं नाव?"

"तामोत्सु! धाकट्या भावाचं नाव सोबत असलं की गाडी उलटत नाही म्हणे. ते दिसलं की आजोबांची खात्रीच पटेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर काय, इंजिन घरीच!"

टपरीमागचा पंखा थांबला.

"ताई, खरंच कोरलं होतं?" नागीने विचारलं. दोघांनी मिळून त्याचं तोंड गोळ्याने बंद केलं.

जेवणं झाली आणि मोरिओ मामा गॅरेजमध्ये धापा टाकत आला. "बाबा, चला! दारात तुमचं नाव सापडलंय! आता तरी या पोरांना सांगा काहीतरी!"

पिवळ्या गाडीभोवती गर्दी जमली होती. उगाजिन नम्रपणे मान झुकवून म्हणाले, "मला आत्ताच दिसलं हो. भावाचं प्रेम, दुसरं काय!"

आजोबा वाकले. चष्मा वर केला. कोरलेल्या अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं, तर बोटाला पत्र्याचा चकचकीत चुरा लागला.

"उगाजिनसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या दादाने या गाडीवर कधी नखही उमटू दिलं नाही. तो नाव कोरेल? बरं, कोरलंच समजा. मी तामोत्सु लिहितो ते 'असणे' या अर्थाच्या चित्राक्षराने. हे आहे 'राखणे'चं. ऐकायला दोन्ही सारखीच. सख्ख्या भावाला माझं नाव लिहिता येत नव्हतं म्हणता?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. उगाजिनांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला.

"लहानपणी... कदाचित... चूक..."

"चूक झाली खरी!" इबुकी ओरडला. "कसं लिहितात ते आम्ही सांगितलंच नव्हतं!"

मग सगळं बाहेर आलं. गाडी एका चित्रपटासाठी जुन्यासारखी बनवलेली होती, आणि तसं दुर्मिळ शर्यतीचं इंजिन मिळवायला उगाजिन काहीही करायला तयार होते. मिरवणूक निघायच्या आत ते गाडी ट्रकवर चढवून चालते झाले. मामाने खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं आणि हळूच बिल्लाही काढला. "चिझुरु, मी एकदा वाकून बघायला हवं होतं," तो म्हणाला. "शाबास गं पोरी. आणि तुम्हीही, शाबास!"

चिझुरुला मात्र शाबासकी गोड लागेना. आजोबा मोकळ्या जागेकडे बघत उभे होते.

"आजोबा, रागावलात? तुमची गाडी गेली."

"दादाची गाडी नव्हतीच ती. तुम्ही तिघं नसता, तर होतं तेही मी हाताने देऊन बसलो असतो," आजोबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आजपर्यंत तुला धूळ पुसायला लावली. उद्यापासून पाना धर."

उरलेली सुट्टी इंजिन उघडण्यात गेली. अडकलेलं सोडवायचं, घासायचं, तेल घालायचं, आजोबांच्या शिव्या खायच्या. इबुकीने नळ्या आणल्या. नागीने एक स्क्रू हरवला, तो त्याच्याच बुटात सापडला. शेवटच्या रविवारी इंजिन लोखंडी घोडीवर बसवलं. पहिल्यांदा ते नुसतं खोकलं. दुसऱ्यांदाही तेच. मग असं काही गरजलं, की मामा कानांवर हात ठेवून रस्त्यापर्यंत पळाला!

आजोबा जागचे हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते.

"मी एवढासा होतो," ते चिझुरुच्या कानाशी ओरडून म्हणाले. "पुढे मोठ्या माणसांच्या पाठी. दादाची शर्यत मी पाहिलीच नाही कधी, नुसती ऐकली! वळणावर तो आवाज उतरायचा. मग असा चढायचा. तसा चढव!"

ॲक्सिलरेटरची तार हळूहळू ओढत चिझुरुने आवाज चढवला. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली.

"आला!" आजोबा म्हणाले. "दादा आला!"