चुकलं तिथून पुन्हा

शाळा बंद होणार हे ठरल्यावर तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तिथलाच विद्यार्थी. पुढे एकतीस वर्षं तिथेच गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरी बायकोच्या कामात लुडबुड करत होतो. त्यामुळे सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. “जा हो एकदाचे,” म्हणाली.

शाळा धर्मबंधूंच्या संस्थेची. लग्न नाही, पगार नाही, पाद्र्यांसारखा वेदीवरचा मानही नाही. आयुष्यभर मुलांना शिकवायचं, एवढंच व्रत. आम्ही त्यांना ब्रदर म्हणायचो. एके काळी शाळेमागच्या त्यांच्या घरात बावीस जण राहत. आता एकच उरले होते, थोरले ब्रदर, माझ्या वेळचे मुख्याध्यापक. वय शहाऐंशी, डोळे गेलेले, कान मात्र तिखट. मी लिहिलेलं रोज दुपारी तीन वाजता वाचनाच्या वर्गात त्यांना वाचून दाखवायचो. चौदा बाकं, खडूचा जुना वास, फळा काढून नेल्यावर भिंतीवर उरलेला चौकोन. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात संस्थेच्या जुन्या वस्तू होत्या. त्यांतच टिकटिकी होती.

टिकटिकी म्हणजे वीतभर लाकडी दांडा आणि त्यावर दोरीनं बांधलेली लाकडाचीच जीभ. अंगठ्यानं दाबली की टक् वाजायची. शिकवताना होईल तितकं कमी बोलायचं, असा या ब्रदरांचा जुना नियम. मुलगा वाचताना चुकला की एक टक्, म्हणजे चुकलं तिथून पुन्हा वाच. बरोबर आलं की दोन, म्हणजे पुढे चल. काय चुकलं ते कोणी सांगायचं नाही, आपलं आपण शोधायचं. माझ्या लहानपणी टिकटिकी वापरणारे एकच ब्रदर राहिले होते. आम्ही त्यांना मुके ब्रदर म्हणायचो.

तीन प्रकरणं सुरळीत पार पडली. चौथ्यात मुके ब्रदर आले.

“‘त्या वर्षी मनोऱ्याच्या जिन्याचं दार उघडं राहिल्यानं आठवीतला एक विद्यार्थी घंटेजवळून पडून मरण पावला,’” मी वाचलं. “‘दाराला कुलूप लावण्याची जबाबदारी असलेल्या ब्रदरांना संस्थेच्या दूरच्या घरी पाठवण्यात आलं.’”

टक्.

मी मान वर केली. थोरल्या ब्रदरांचे हात पांघरुणाखाली होते.

“ब्रदर, काही वाजलं का?”

“तू वाच.”

मी पुन्हा वाचलं. त्याच वाक्याला पुन्हा टक्.

लाकूड पोखरणारी कीड असेल, खिडकीची बिजागरी असेल, ब्रदरांची कवळी असेल, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी खिडकी लावून घेतली, खुर्ची हलवली, आधी दुसरी पानं वाचली. तिथे काहीच नाही. ते वाक्य आलं की टक्. मी शब्द फिरवून पाहिले. ‘राहिल्यानं’च्या जागी ‘राहून गेल्यानं’ केलं. टक्. चार दिवसांत अकरा वेळा. योगायोग अकरा वेळा होत नाही, हे मी जन्मभर मुलांना शिकवत आलो होतो.

शेवटी कपाट उघडलं. टिकटिकीची दोरी केव्हाच कुजली होती आणि जीभ सुटून शेजारी पडली होती. दोन्हींवर धुळीचा सारखाच थर होता. तिच्यातून आवाज निघणं शक्यच नव्हतं.

मी कपाट घाईनं लावून टाकलं. कारण त्या वाक्यात काय चुकलंय, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

किल्ली मी चोरली होती. घंटा जवळून दाखवतो म्हणून मीच त्याला वर नेलं होतं. तो माझ्या बाकावरचा सोबती. चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, मुके ब्रदर दार उघडं टाकून जाताना मी पाहिले. ते समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते त्या दूरच्या घरीच वारले.

पडलेल्या मुलाला एक धाकटी बहीण होती. पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं. मुक्या ब्रदरांचा विषय निघाला की ती आजही म्हणते, “देवानं केलं असेल त्यांना माफ. मी नाही करायची.” आणि दर वेळी मी मान डोलावतो. त्या माणसाला मी माझ्याच घरात चाळीस वर्षं शिक्षा भोगायला लावली.

पाचव्या दिवशी मी नवं पान वाचलं. “‘दार मी उघडलं होतं. किल्ली मी चोरली होती. ब्रदरांचा काहीही दोष नव्हता.’”

खोली शांत होती.

टक्. टक्.

थोरल्या ब्रदरांनी सुस्कारा सोडला.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“त्यांनी कधी सांगितलं नाही रे. ते खोटं बोलणारे नव्हते आणि बोलणारेही नव्हते.” मग म्हणाले, “हेच छापायला देशील ना?”

“देतो,” मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बायको खिडकीपाशी विणत बसली होती. मला पाहून तिनं विणकाम टोपलीत ठेवलं.

“अहो, दादाबद्दल लिहिलंत ते वाचून दाखवा ना. छापण्याआधी ऐकायचंय मला.”

पिशवीत दोन्ही पानं होती. तिचा चेहरा पाहिला आणि माझा धीर सुटला. म्हातारपणी हिला गमावलं तर मी कुठे जाऊ?

मी जुनं पान काढलं.

“‘मनोऱ्याच्या जिन्याचं दार उघडं राहिल्यानं...’”

टक्.

मी तेच पुन्हा वाचलं.

टक्.

टिकटिकीबद्दल मी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. मुलग्यांच्या त्या शाळेत ती कधी पाऊलही टाकायची नाही. दादा गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती.

ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. शिक्षक पाहतात तशी, वाट बघत.

“चुकलं तिथून,” ती हळूच म्हणाली. “पुन्हा वाचा.”

तिचे दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे. उजव्या हाताचा अंगठा तेवढा खाली दाबलेला होता.