आठवी गंजी

बोरीच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर. अठरा वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय, त्यामुळं माणूस पायरी चढतानाच मला कळतं की हा वय कमी सांगणार की जास्त. आमच्या गावचे पुढारी कल्याणराव, त्यांनी तीन फॉर्मांत तीन जन्मतारखा दिल्या आहेत. तिन्ही माझ्याकडं लिहून आहेत, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून एवढा मोठा माणूस मला आधी नमस्कार करतो.

दुपारी एक ते तीन गिऱ्हाईक नसतं. त्या दोन तासांत आम्ही तिघं रणगाडा चालवतो.

खेळ ऑनलाइन आहे. एकाच रणगाड्यात तिघं, तीन कॉम्प्युटरांवर, कानाला हेडफोन लावून. ड्रायव्हरला समोरची एक फट दिसते. तोफवाल्याला दुर्बिणीतून रुपयाएवढं जग दिसतं. सगळा मुलूख दिसतो तो फक्त कमांडरला, कारण तो झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभा असतो. त्यानं बघायचं, सांगायचं, आणि गोळी यायच्या आत डोकं खाली घ्यायचं. सांगायला चुकला तर खालचे दोघं मरतात. डोकं घ्यायला चुकला तर तो स्वतः.

कमांडर मी. तोफेवर बजरंग, त्याचा मंडप-लायटिंगचा धंदा. लग्नसराई सोडली तर त्याला बोलणं हेच काम. ड्रायव्हर चंद्रभान.

माझी एक रीत आहे. कमांडर कसा जगतो, तर ज्याला काल काय होतं ते पाठ असतं तो जगतो. म्हणून मी खेळातल्या प्रत्येक मुलखाची वही केली आहे. अमुक मैदानावर झाडं एवढी, पडक्या भिंती एवढ्या, कशापासून काय किती मीटर. काल नव्हतं आणि आज दिसलं, तो शत्रू. बजरंग म्हणायचा, "अप्पा, तुमी तलाठी व्हायला पायजे व्हतं, झाडामागं झाड लावलं तरी धरलं असतं." पण माझ्या वहीमुळं आम्ही महिना-महिना मरत नसू, हे तोही कबूल करायचा.

चंद्रभानबद्दल सांगायला हवं. तो बोरी पंचक्रोशीतला सगळ्यात हलक्या हाताचा ट्रॅक्टर ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर, आमच्या वावरात सोयाबीनची मळणी चालू असताना रोजानं आलेल्या बायनाबाईचा उजवा हात मनगटापासून गेला. तेव्हापासून त्याच्या हातात कुणी स्टिअरिंग दिलेलं नाही. मिळेल त्या रोजानं तो फवारणी करतो. मी त्याला दुपारचं दुकानात बोलवायला लागलो, रणगाड्याची ड्रायव्हरकी दिली, तेव्हा गावानं म्हटलं, शिवप्रकाश अप्पांचं मन मोठं. मी ते ऐकून घेतलं.

मन किती मोठं, ते सांगतो.

मळणीला ट्रॅक्टर एका अंगाला, मशीन दुसऱ्या अंगाला आणि मधे सोयाबीनची गंजी. ड्रायव्हरला मशिनीवरचं माणूस दिसत नाही. म्हणून वावराचा मालक गंजीवर उभा राहतो, हातात दस्ती घेऊन. रुमालाला आमच्याकडं दस्तीच म्हणतात. दस्ती वर, मशीन चालू. दस्ती खाली, बंद. आमच्याकडं सगळीकडं हीच खूण. त्या दिवशी ओलं काड अडकलं, मी दस्ती खाली घेतली, चंद्रभाननं मशीन बंद केली. बायनाबाई काड ओढायला लागली. ट्रॅक्टर नुसता हळू घुरघुरत होता. मी खिशातून मोबाइल काढला. त्यात ह्याच खेळाचा व्हिडिओ होता, कमांडरनं नजर कशी फिरवावी ह्याचा. ऊन फार होतं. बघता बघता मी दस्ती उचलली आणि कपाळ पुसलं.

एवढंच. कपाळ पुसलं.

नंतर लोक जमले तेव्हा चंद्रभान म्हणाला, दस्ती वर गेल्याली दिसली मला. मी म्हणालो, ह्याचा हात मशीन चालू करायच्या दांड्याकडं गेलेला बघून मी दस्ती हलवली, थांब चंद्रभान थांब म्हणून ओरडलो, ह्यानं ऐकलंच नाही. लोक म्हणाले, मशिनीच्या आवाजात कुठलं ऐकू येतंय. मशीन त्या वेळी बंद होती हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चंद्रभाननं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. बायनाबाईला विचारायचा प्रश्न नव्हता, तिला जीपमध्ये घालून परभणीला नेलं होतं.

यंदा चैत्रात, एका दुपारी, आम्ही नेहमीच्या मैदानावर होतो. परदेशातलं कापलेलं शेत, वाळलेल्या गवताच्या सात गंज्या. वहीत सातच आहेत. मी दुर्बीण फिरवली तर आठ भरल्या.

आठवी लांब होती, अकराशे मीटर. तिच्यावर माणूस उभा होता. ह्या खेळात पायी माणूस नसतोच, रणगाडे असतात फक्त. मान खाली घातलेली, एक हात कपाळाशी. मी बजरंगला म्हटलं, उजवीकडच्या गंजीवर काय दिसतंय बघ. तो म्हणाला, "गंजीच न्हाई तितं, अप्पा. चष्म्याचा नंबर वाढला जनू."

तेवढ्यात रणगाडा थांबला, उघड्या मैदानात. चंद्रभाननं ब्रेक मारला होता. पुढच्या मिनिटाला आम्ही मेलो.

बजरंगनं त्याला शिवी हासडली. चंद्रभान गोंधळून माझ्याकडं बघत म्हणाला, "अप्पा वरडले की. थांब मनले."

मी तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठवी गंजी आठशे मीटरवर होती. मी कुणाला सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही, आणि वहीत न लिहिण्याची ती माझी पहिली वेळ. रणगाडा पुन्हा थांबला, आम्ही पुन्हा मेलो. हा खेळ झालेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग ठेवतो, आवाजासकट. बजरंगनं भांडण मिटवायला ते लावलं. पडद्यावर सात गंज्या होत्या. आणि आवाज होता. थांब, चंद्रभान, थांब. वरच्या पट्टीतला, फाटलेला. माझा. मी आयुष्यात असा ओरडलेलो नाही, पण आपला आवाज आपल्याला कळतो.

बजरंग म्हणाला, "हे घ्या. सवता वरडायचं अन् मंग न्हाई मनायचं." मी हसलो. म्हणालो, उन्हानं झालं असेल.

चंद्रभान हसला नाही. तो रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावत राहिला, पाच-सहा वेळा, हेडफोन कानावर दाबून.

पुढच्या आठवड्यात तो दोन दिवस आला नाही. मला वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी आला तो हातात कागद घेऊन. परभणीला कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आला होता. मला कागद वाचायला दिला. दोन्ही कान चांगले, असं लिहिलं होतं.

मी म्हणालो, मग चांगलंच आहे.

तो म्हणाला, "चांगलं कसं, अप्पा? कान चांगले हायेत, मंजी त्या दिवशी बी आयकू आलं असनार. आयकून बी दांडा वडला मी. मला वाटायचं, दस्तीच वर गेली व्हती, आपलं काय चुकलं न्हाई. दोन वर्सं तुमच्यावर मनात संशय धरला. तुमी मला बोलवून चहा पाजायलाव अन् मी संशय धरायलो."

माझ्या जिभेवर आलं होतं. शपथ घेऊन सांगतो, आलं होतं. पण समोर बजरंग बसलेला, आणि बजरंगला सांगणं म्हणजे आठवडी बाजारात दवंडी. मी म्हणालो, "चल, एक डाव टाकू."

त्या डावात आठवी गंजी चाळीस मीटरवर होती.

दुर्बिणीची गरज नव्हती. वाळलेलं गवत नव्हतं ते, सोयाबीनचं काड होतं, शेंगांसकट. माणसाच्या एका हातात काहीतरी चमकत होतं, मान त्याच्यावर वाकलेली. दुसऱ्या हातात पांढरी दस्ती, कपाळाशी धरलेली. पुसणं संपत नव्हतं. माझा निळ्या रेघांचा सदरा. तो मी त्या दिवसानंतर घातलेला नाही.

कमांडरचं काम सांगणं. मी घसा साफ करून म्हणालो, "माणूस. समोर. चाळीस मीटर."

बजरंग म्हणाला, "अप्पा, समोर रिकामं शेत हाय."

"गंजीवर. नीट बघ."

"कुटं गंजी?"

त्या माणसानं मान वर केली.

चेहरा माझा होता. कपाळावरचा घामही पुसला गेला नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि आपलं चुकलं आहे हे कळलेल्या माणसासारखं त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

माझ्या हेडफोनात काही ऐकू आलं नाही.

शेजारी चंद्रभाननं ब्रेक दाबला. बजरंगनं दचकून हेडफोन काढला.

मी स्विच बंद केला. चारी कॉम्प्युटर गेले. पंखा तेवढा फिरत राहिला.

चंद्रभान उठून पायरीवर जाऊन बसला. मी पाणी दिलं. तो प्याला आणि म्हणाला, "उद्या सकाळी बायनाबाईच्या दारात जातो. पाय धरतो. आयकून बी चालू केलं मनून सांगतो. मंग तिनं पोलिसात देवो का काय करो."

आता सांगायचं ते माझ्याकडं होतं. बजरंग आत वायर गुंडाळत होता, ऐकू जाण्यासारखं नव्हतं. दोघंच होतो. मी ओरडलोच नाही, हे तीन शब्द पुरले असते.

मी म्हणालो, "ऊन फार असतं. लवकर जा."

हे मी बोललो. हेसुद्धा लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी दहाला बायनाबाई दुकानात आली. पासबुकाच्या कामाला येते ती अधूनमधून, डाव्या अंगठ्यावर तिची सगळी कामं चालतात. उजवा हात पदराखाली. बाकावर बसली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी काय काम म्हणून विचारलं, तर काम नाही म्हणाली.

मग सांगायला लागली. चंद्रभान सकाळीच आला होता. पाय सोडीना. मी आयकून बी चालू केलं, असं म्हणत राहिला. तिनं त्याला उठवलं.

"मी त्याला मनले, बाबा, तू काय आयकलास? कुनी वरडलंच न्हाई. मी तितंच व्हते की. मशीन बंद व्हती. बांधावर टिटवी वरडायली व्हती, ती बी आयकू आली मला. मानूस वरडला असता तर हात काडला असता का न्हाई मी?"

मी टेबलाची कड धरली.

"दोन वर्सं मला ठावं हाय, अप्पा. पन कुनी इचारलंच न्हाई. अन् तुमच्याबद्दल आपून होऊन कसं बोलावं? तुमच्याच वावरात पोट भरायचं. मनलं, अप्पाला येईल कधीतरी लाज."

ती चिडून बोलत नव्हती. भाव विचारावा तसं बोलत होती. मला वाटलं, हे बरं झालं. हिला माहीत आहे. म्हणजे हे जगात माझ्याशिवाय आणखी एका ठिकाणी खरं आहे. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि त्याचीच मला लाज वाटली.

"पन काल दुपारपसून," ती म्हणाली आणि थांबली.

"काय?"

"मला बी आयकू यायलंय."

रस्त्यावरून जिंतूरची गाडी गेली. धूळ आत आली.

"भाकर करताना, झाडताना. थांब मनून. पयलं वाटलं चंद्रभाननं डोक्यात भरवलं. पन तो तर आज आला, अन् हे कालचं हाय. आता टिटवी न्हाई आठवत मला, अप्पा. तितं तुमचं वरडनंच येतंय. मी खुळी व्हायले का?" तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमीच सांगा. तुमच्या तोंडून आयकायला आले. त्या दिवशी वरडलाव व्हता का तुमी?"

मी तिच्याकडं बघितलं. ह्या वेळी मी मोजमाप केलं नाही. बजरंग काय म्हणेल, गाव काय म्हणेल, कल्याणराव नमस्कार करतील का, काही नाही. नाही ओरडलो, बायनाबाई. मी मोबाइल बघत होतो. हेच शब्द. ते मी मनात नीट लावले, श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आवाज निघाला. वरच्या पट्टीतला, फाटलेला. समोरच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज, तेच तीन शब्द. थांब, चंद्रभान, थांब.

बायनाबाईनं डोळे मिटले होते. पदराखालचा हात तिनं झटकन मागं ओढला, कशातून तरी काढावा तसा.

"हां," ती हळूच म्हणाली. "आसंच आयकू आलं व्हतं. मंजी माझंच चुकलं."